आरसी गाडीच्या बॅटरीची खरी ताकद कशी मोजतात?

रेडिओ-नियंत्रित (आरसी) गाडीच्या बॅटरीवर तीन आकडे ठळकपणे छापलेले असतात: व्होल्टेज, क्षमता आणि 'सी' रेटिंग. यांपैकी 'सी' रेटिंग ठरवण्याची सर्व उत्पादकांना बंधनकारक अशी एकच पद्धत नाही. त्यामुळे जास्त 'सी' असलेली महाग बॅटरी खरोखरच जास्त ताकदीची असेल, याची खात्री लेबल देत नाही. ती खात्री चाचणीतूनच होते.

लेबलाचा अर्थ

आज आरसी गाड्यांत प्रामुख्याने लिथियम-पॉलिमर म्हणजे 'लायपो' बॅटरी वापरली जाते. तिच्या एका सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.७ असते आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ होते. '२एस' म्हणजे एकसर जोडणीतील दोन सेल, एकूण ७.४ व्होल्ट. ५००० मिलीअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी ५ अँपिअरचा प्रवाह सुमारे एक तास देते. 'सी' हा या क्षमतेचा गुणक आहे. त्यामुळे '५० सी' लिहिले असेल, तर दावा ५ × ५० = २५० अँपिअरचा असतो.

दावा का टिकत नाही?

प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. प्रवाह वाढला की या रोधामुळे व्होल्टेज घसरते आणि बॅटरी तापते. समजा, वरील बॅटरीचा एकूण रोध १० मिलीओहम आहे. २५० अँपिअरला २.५ व्होल्ट आतच खर्ची पडतील आणि ६२५ वॅट उष्णता निर्माण होईल, म्हणजे जवळपास छोट्या इस्त्रीइतकी. शिवाय या वेगाने बॅटरी ७२ सेकंदांत रिकामी होईल. म्हणून बॅटरीची खरी ताकद ओळखण्यासाठी 'सी'पेक्षा अंतर्गत रोध अधिक उपयोगी ठरतो.

तीन चाचण्या

*क्षमता:* बॅटरी पूर्ण चार्ज करून स्थिर प्रवाहाने रिकामी करतात आणि किती मिलीअँपिअर-तास मिळाले ते नोंदवतात. लायपो सेल ३ व्होल्टच्या खाली गेल्यास खराब होऊ शकतो, म्हणून चाचणी त्याआधीच थांबवतात.

*अंतर्गत रोध:* दोन वेगळ्या प्रवाहांना व्होल्टेज मोजतात. १० अँपिअरला ७.९ आणि ४० अँपिअरला ७.६ व्होल्ट मिळाले, तर ०.३ ला ३० ने भागून ०.०१ ओहम, म्हणजे १० मिलीओहम हे उत्तर येते. अनेक चार्जर हा आकडा थेट दाखवतात. मात्र त्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने तुलना एकाच चार्जरवर करावी.

*प्रत्यक्ष धाव:* गाडी १२ मिनिटे चालवल्यावर चार्जरने ३६०० मिलीअँपिअर-तास परत भरले, तर सरासरी प्रवाह साधारण १८ अँपिअर होता. वेग घेताना क्षणभर तो कितीतरी जास्त असतो. त्या क्षणी व्होल्टेज किती खाली आले, हे गाडीत बसवलेल्या डेटा लॉगरवरून कळते. धाव संपताच बॅटरीचे तापमानही मोजतात. ते ६० अंश सेल्सिअसकडे जात असेल, तर त्या गाडीसाठी बॅटरी अपुरी आहे किंवा गाडीचे गिअरिंग जड आहे.

तुलना करताना

थंडीत अंतर्गत रोध वाढतो आणि बॅटरी गरम असताना कमी होतो. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना सारख्याच तापमानाला आणि सारख्याच चार्जवर केली, तरच ती खरी. प्रत्येक सेलचा रोध तारखेसह लिहून ठेवल्यास बॅटरी म्हातारी होत चालल्याचेही लक्षात येते. एकाच सेलचा आकडा इतरांपेक्षा झपाट्याने वाढत असेल, तर संपूर्ण पॅक त्या एका सेलमुळे निकामी होतो.

खबरदारी

फुगलेल्या, दबलेल्या किंवा छिद्र पडलेल्या लायपो बॅटरीची चाचणी करू नये आणि ती चार्जही करू नये, कारण ती पेट घेऊ शकते. चांगली बॅटरीसुद्धा न जळणाऱ्या पृष्ठभागावर आणि नजरेसमोर चार्ज करावी. काही दिवस वापरायची नसेल, तर ती प्रतिसेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी.