हलकेपणा कुणाच्या वाट्याला?



दिवाळीला नातू पुण्याहून आला होता. गाडी नवी, हौस दांडगी! "आजोबा, गाडीला कार्बन फायबरचं बॉनेट बसवायचंय. चाळीस हजार लागतील." मी विचारलं, "त्यानं काय होईल?" तर म्हणाला, "गाडी हलकी होईल." त्याचे वडील माझ्याकडे असे बघायला लागले की जणू निकाल मीच देणार! जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे निकाल द्यायच्या आधी मागे वळून बघायची खोड आहे.

हलक्या गाडीचा प्रश्न आमच्या परभणीकडे बैलगाडीपासूनचा. जुनी गाडी बाभळीच्या लाकडाची. सुतारानं चाक जुळवायचं आणि लोहारानं गोवऱ्यांच्या आगीत लाल केलेली लोखंडी धाव त्यावर चढवायची. वर पाणी ओतलं की धाव आकसून चाकाला आवळून धरायची. चाक पक्कं, पण जड. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात ती अरुंद धाव रुतली की बैल गुडघ्यावर यायचे.

मग हवेच्या टायरची गाडी आली. डनलॉप कंपनीनं १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला कारखाना काढला. ती बैलगाडीचेही टायर करायची, म्हणून कितीतरी ठिकाणी त्या गाडीला 'डनलॉप' हेच नाव पडलं. आमच्या घरी ती यायला १९६७ साल उजाडलं. वडिलांनी आईच्या पाटल्या मोडून टायरगाडी घेतली. रिकामी गाडी मी पोरगा एकटा ढकलायचो! आई म्हणाली, "आता बैलांना सुख."

पण झालं उलटंच. मानवतच्या बाजाराला कापूस न्यायचा तर वडील दरवेळी थोडा जास्त भरायला लागले. गाडी ओढली जातेय ना, मग काय! डोक्यावर कर्ज होतं, त्यांना तरी दोष कसा द्यावा? दुसऱ्या हंगामात आमच्या सर्जाचा खांदा असा सुजला की तो जुवाखाली मान घालेना. पुढे तो कामाला आलाच नाही. आई पाटल्यांबद्दल कधी बोलली नाही. सर्जाबद्दल मात्र शेवटपर्यंत बोलायची.

हे काही आमच्याच घरचं नव्हे. जनावरांवरच्या ओझ्याची मर्यादा ठरवणारे केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यात लहान बैलाला साध्या दोनचाकी गाडीत ५०० किलो, आणि गाडीला हवेचे टायर असतील तर ७५० किलो! म्हणजे चाकानं जे वाचवलं ते ओझ्यानं घेतलं. ऊसतोडीच्या टायरगाड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना जास्त सांगायला नको.

आता कार्बन फायबरकडे येतो. हा दोरा म्हणजे कोळशाचाच सख्खा भाऊ. १९६३ साली इंग्लंडात फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत त्याला खरी ताकद आणण्याची रीत सापडली. १९८१ साली मॅकलारेननं फॉर्म्युला वनच्या शर्यतीतल्या मोटारीचा सांगाडाच त्याचा केला. हा ठिसूळ माल फुटेल, अशी शंका होती. त्याच वर्षी इटलीत मोंझाला जॉन वॉटसनची गाडी आदळली, इंजिन तुटून वेगळं झालं आणि वॉटसन धडधाकट बाहेर आला. तिथे पैसा वसूल झाला, कारण जीव वाचला.

आणि नातवाचं बॉनेट? मास्तर आहे, गणित मांडलंच. हजार किलोच्या गाडीत आठेक किलो घटणार. वजन दहा टक्के घटलं तर इंधन सहा ते आठ टक्के वाचतं, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. इथे तर एक टक्काही नाही. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवली तर वाचणार फार तर तीन-चार लिटर. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं तरी चाळीस हजार फिटायला शंभर वर्षं लागतील! शिवाय पत्र्याला पोचा आला तर डेंटर ठोकून सरळ करतो. कार्बनला पोचा येत नाही, तडा जातो.

म्हणजे हे सगळं श्रीमंतांचे चोचले? तसंही नाही. आपल्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत, डॉ. अब्दुल कलाम क्षेपणास्त्रांचं काम करत होते. तिथला हलका माल निजाम्स इन्स्टिट्यूटच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी हातात घेऊन पाहिला आणि कलामांना आपल्या वॉर्डात नेलं. पोरं पायात तीन-तीन किलोंचे लोखंडी कॅलिपर घालून फरफटत चालत होती. कलामांच्या लोकांनी तीन आठवड्यांत तीनशे ग्रॅमचे कॅलिपर करून दिले. वजन वाचलं, आणि ते त्या पोरांच्याच वाट्याला आलं.

नातवाला एवढंच म्हणालो, "बाळा, हलकेपणाचे पैसे देण्याआधी विचारावं, ओझं कुणाचं उतरतंय? तुझ्या इंजिनाला खांदा नाही." तो हसला. बॉनेट घ्यायचं की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं, पैसे त्याच्या कमाईचे आहेत.

मला मात्र त्या रात्री सर्जा आठवत राहिला. असो. तुमच्या घरी टायरगाडी कधी आली, आणि बैलांचं पुढे काय झालं, ते जरूर कळवा.