क्लोरीन चाचणी (घरगुती जलतरण तलाव)

घराच्या आवारातील तलावाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन किती शिल्लक आहे, हे बहुधा रंगावरून ठरवण्याची तपासणी. प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या शिफारशीनुसार तलावात मुक्त क्लोरीन किमान 1 पीपीएम हवा. पाण्यात सायन्युरिक आम्ल (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे द्रव्य) असेल तर तो किमान 2 पीपीएम लागतो. पीएच 7.0 ते 7.8 असावा.

क्लोरीन किती आहे याइतकेच तो कोणता आहे हेही महत्त्वाचे. घाम आणि लघवीतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी संयोग होऊन क्लोरीनची क्लोरामाइने बनतात. हा संयुक्त क्लोरीन. जंतू मारायला तो फार दुबळा. संयोग न झालेला तो मुक्त क्लोरीन, आणि दोहोंची बेरीज म्हणजे एकूण क्लोरीन. तलावाकाठी नाकाला झोंबणारा उग्र वास येतो तो मुख्यतः क्लोरामाइनांचा. ‘वास येतोय, म्हणजे औषध भरपूर पडलंय’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. अशा वेळी मुक्त क्लोरीन बहुधा संपत आलेला असतो.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ‘ओटी टेस्ट’ ओळखीची आहे. टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकलेल्या नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब घातले की पाणी पिवळे होते. पिण्याच्या पाण्यासाठी 0.2 पीपीएम शिल्लक क्लोरीन आहे की नाही एवढे पाहायचे असते, आणि तेवढ्यापुरती ती उपयोगी पडते. तलावावर मात्र ती फसवते. पहिल्या काही सेकंदांतला पिवळेपणा मुक्त क्लोरीनचा, मागाहून गडद होतो तो संयुक्ताचा. उन्हाने तापलेल्या पाण्यात हा फरक डोळ्यांना पकडता येत नाही. शिवाय ऑर्थोटोलिडीन हे द्रव्य कर्करोगाच्या दृष्टीने संशयित आहे. तपासलेले पाणी तलावात परत ओतू नये.

तलावासाठी डीपीडी (डायइथिल-पॅरा-फिनिलीनडायअमीन) या द्रव्याची पद्धत योग्य. ती ब्रिटिश रसायनतज्ज्ञ ए. टी. पॅलिन यांनी 1957 मध्ये मांडली. पाणी काठावरून न घेता कोपरभर खोलीवरून, शुद्ध पाणी आत सोडणाऱ्या तोंडापासून दूर घ्यावे. नळी त्याच पाण्याने विसळून खुणेपर्यंत भरावी, पहिल्या क्रमांकाची डीपीडी गोळी पुडीतून थेट आत सोडावी आणि झाकण लावून हलवावी. झाकणाऐवजी अंगठा लावला तर हाताचा घामही चाचणीत मिसळतो. पाणी गुलाबी होते. नळी सावलीत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरून रंग लगेच पट्टीशी जुळवावा. हा आकडा मुक्त क्लोरीनचा. त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी घातली की एकूण क्लोरीन कळतो आणि वजाबाकीने संयुक्त. तो 0.4 पीपीएमच्या वर असेल तर पाण्याची तब्येत बिघडली आहे असे धरावे.

एक सापळा इथे आवर्जून सांगायला हवा. क्लोरीन फारच जास्त, साधारण 10 पीपीएमच्या पुढे असला, तर तो गुलाबी रंगच उडवून टाकतो. नळी स्वच्छ दिसते, घरमालक ‘शून्य’ वाचतो आणि आणखी पावडर ओततो. क्षणभर गुलाबी झाक चमकून गेली असेल तर तलावाचे पाणी तेवढ्याच क्लोरीनविरहित पाण्यात मिसळून पुन्हा तपासावे आणि आलेला आकडा दुप्पट करावा.

पीएच पाहिल्याशिवाय क्लोरीनचा आकडा अपुरा राहतो. पीएच 7.5 च्या आसपास मुक्त क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग हायपोक्लोरस आम्लाच्या, म्हणजे खऱ्या जंतुनाशक रूपात असतो. पीएच 8 झाला की जेमतेम पाव. डीपीडीला हा फरक दिसत नाही. टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) या क्लोरीनच्या गोळ्या वापरणाऱ्यांनी सायन्युरिक आम्लही तपासावे. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते, पण गोळीगणिक साठत जाते, क्लोरीनचा जोर कमी करते आणि पाण्याचा काही भाग बदलल्याखेरीज सहसा हटत नाही.

मात्रा ठरवताना अंदाजावर जाऊ नये. 6 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल तलावात 21,600 लिटर पाणी मावते. त्यात 1 पीपीएम वाढवायला 21.6 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 65 टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे 33 ग्रॅम पुरते. हे आणि टीसीसीए कधीही एकत्र करू नये, एकाच मापानेही घेऊ नये. आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो.

क्लोरीन टाकूनही टिकत नसेल तर सूर्यास्तानंतर एकदा आणि उजाडण्यापूर्वी एकदा, मध्ये काहीही न टाकता, तपासावे. रात्री ऊन नसते, पोहणारेही नसतात. तरीही 1 पीपीएमहून अधिक घट दिसली तर डोळ्यांना हिरवे दिसण्याआधीच पाण्यात शेवाळ धरू लागले असण्याची शक्यता मोठी.