तांब्याला चुंबक चिकटत नाही, पण...

भांडं खरंच तांब्याचं आहे की आत लोखंड आहे, हे बघायला आपल्याकडे घरोघरी चुंबक लावून बघतात. चिकटलं तर फसवणूक! मग त्याच चुंबकाने भट्टीतलं वितळलेलं तांबं किंवा ॲल्युमिनियम ढवळतात, असं सांगितलं तर? विश्वास बसणं कठीण आहे. पण ढवळतात, आणि तेही धातूला स्पर्श न करता.

याचं मूळ बरंच जुनं आहे. १८२४ साली फ्रान्समध्ये आरागोला दिसलं, की तांब्याची चकती फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे फिरू लागते. पुढच्याच वर्षी इंग्लंडात बॅबेज आणि हर्शेल यांनी उलटं करून पाहिलं. खाली चुंबक फिरवला, तर वरची तांब्याची चकती फिरली! का, ते मात्र कोणालाच नीट सांगता येईना. इकडे १८२८ साली आमच्या शनिवार पेठेतला शनिवारवाडा आगीत जळाला, तेव्हाही हे कोडं सुटलेलं नव्हतं. ते सोडवलं १८३१ साली फॅरेडेने. फिरता चुंबक तांब्याला ओढत नाही, तो त्याच्यात विजेचे प्रवाह जागे करतो. मग त्या प्रवाहांना चुंबकामागे जावं लागतं, आणि त्यांच्याबरोबर धातूलाही.

आता चकतीच्या जागी धातूचा रस ठेवा. झाली ढवळणी तयार!

पण ढवळायचं कशाला? वरून ज्योत असलेल्या भट्टीत रस वर जास्त तापतो, तळाशी थंड राहतो, आणि मिसळलेले धातू सारखे पसरत नाहीत. म्हणून पिढ्यान् पिढ्या माणूस भट्टीच्या तोंडाशी उभा राहून सळईने रस ढवळत आला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ला. सळई जराशी ओली असली तरी पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस अंगावर उडतो. ॲल्युमिनियममध्ये तर लोखंडी सळईचं लोखंडही विरघळतं आणि माल बिघडतो.

फॅरेडेनंतर दीडशे वर्षं तरी कायमच्या चुंबकांचं हे काम भट्ट्यांत रुळलं नाही, कारण तेवढे जोरदार चुंबकच नव्हते. विजेच्या वेटोळ्यांनी ढवळणं आधी आलं, पण त्याला वीज फार लागते. १९८०च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले आणि चित्र बदललं. आता वीज लागते ती चुंबक फिरवण्यापुरती. फक्त त्यांना उष्णता सोसत नाही, तापले की जोर जातो. म्हणून ते भट्टीच्या जाड अस्तराबाहेर ठेवून वाऱ्याने किंवा पाण्याने थंड राखतात.

शनिवारवाड्यापलीकडे, कसब्यातल्या तांबट आळीत हातोड्यांचे ठोके आपण कौतुकाने ऐकतो. ठोकणाऱ्याचं नाव निदान आळीला तरी मिळालं. रस ढवळणाऱ्या, ओतणाऱ्या ओताऱ्यांची आठवण कोण काढतं? रस कधी तयार झाला हे त्यांच्या हाताला कळायचं. ते शहाणपण यंत्राबरोबर हरवेल, याचं मला वाईट वाटतं. तरीही तो हात आगीपासून चार पावलं लांब राहणार असेल, तर मी चुंबकाच्या बाजूने आहे.

तुमच्या घराण्यात कोणी भट्टीवर काम केलं असेल, तर त्यांच्या आठवणी लिहून ठेवा. जमलं तर मलाही कळवा.