वक्फ आणि पूर्णविराम

प्राथमिक शाळेत विरामचिन्हे बहुधा तक्त्यावरून शिकवली जातात. आधी चिन्ह, मग त्याचे नाव, मग ‘योग्य विरामचिन्हे द्या’ हा दोन गुणांचा प्रश्न. मुलांना ती मराठीइतकीच जुनी वाटतात. तसे नाही.

आमच्या नागपुरात भोसल्यांचे दफ्तर मोडीत चाले. कारकून आधी आडवी रेघ ओढायचा आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जायचा. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, स्वल्पविरामही नाही. वाक्य कुठे संपले, हे वाचणाऱ्याने क्रियापदावरून ओळखायचे. मुरलेल्या कारकुनाला ते जमे. नवशिक्या मुलाला कसे जमणार? छापील पुस्तके आणि शाळा आल्या, तशी नियमांची गरज पडली. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण छापले गेले. १८५० मध्ये मेजर थॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली आणि इंग्रजीतली चिन्हे मराठीत रुजवली.

थांबण्याच्या खुणांची दुसरी एक परंपराही आपल्याकडे आहे. बाराव्या शतकात सजावंदी यांनी कुरआनच्या पठणासाठी खुणा ठरवल्या. त्यांना वक्फाच्या खुणा म्हणतात. आज वक्फ म्हटले की मिळकतीचा वाद आठवतो. पण शब्दाचा मूळ अर्थ थांबणे, थांबवणे. ‘मीम’ दिसला की थांबायचेच, ‘ला’ दिसला की थांबायचे नाही. मोमिनपुऱ्यातले मूल मकतबात हे कानाने शिकते. उस्ताद म्हणतात, मूल मागून म्हणते. भलत्या जागी थांबले तर अर्थ फिरतो, हे त्याला तिथेच कळते.

तेच मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या या तयारीची कोणी दखल घेत नाही. घरी उर्दू किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाचे मराठी मग ‘अशुद्ध’ ठरते आणि वही लाल शाईने भरते.

मला वाटते, शिक्षकांनी तक्त्याआधी एक वाक्य द्यावे: ‘आई बाबा आले’. ‘आई, बाबा आले.’ म्हणजे आईला निरोप, ‘आई-बाबा आले.’ म्हणजे दोघेही दारात. दोन्ही मोठ्याने वाचून घ्यावीत. फरक मुलेच सांगतील, मकतबातले मूल कदाचित सर्वांत आधी. चिन्हाचे नाव त्यानंतर सांगितले तरी चालेल.