दुसरी दिग्दर्शिका : होंग उन-वॉन आणि कोरियन सिनेमाचं विस्मरण



आजच्या विषयाची पाटी वाचून दोघा-तिघांनी मला दारातच अडवलं. ‘सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता कोरियन सिनेमा?’ त्यांची शंका रास्त आहे. उत्तर एवढंच, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला शेवटी प्रश्न लागतो आणि तो कुठेही भेटू शकतो. मला तो भेटला होंग उन-वॉन या बाईंच्या कारकिर्दीत. प्रश्न साधा आहे. इतिहास ‘पहिली स्त्री’ लक्षात ठेवतो. पहिली डॉक्टर, पहिली वकील, पहिली दिग्दर्शिका. मग दुसरीचं काय होतं?

पहिली स्त्री हा अपवाद असू शकतो. एखादी विलक्षण जिद्दीची बाई भिंतीला भोक पाडून आत शिरते, आणि भिंत पुन्हा बुजते. वाट खरोखर तयार झाली की नाही, हे दुसरी आली की कळतं. म्हणून मला दुसरी महत्त्वाची वाटते.

पण आधी पहिलीविषयी थोडं सांगायला हवं, त्याशिवाय दुसरी कळणार नाही. कोरियातली पहिली स्त्री दिग्दर्शक पार्क नाम-ओक. जन्म १९२३ चा. तरुणपणी गोळाफेकपटू, पुढे काही काळ पत्रकार. कोरियन युद्ध १९५३ साली थांबलं, तेव्हा देश उद्ध्वस्त झालेला. १९५४ साली त्यांना मुलगी झाली, आणि त्याच सुमारास त्यांनी सिनेमा करायला घेतला. पैसे थोरल्या बहिणीकडून उसने घेतले, म्हणून कंपनीचं नावच ठेवलं ‘भगिनी चित्रसंस्था’. तान्ही मुलगी पाठीला बांधलेली, सगळ्या युनिटचा स्वयंपाकही स्वतःच करायचा, आणि मग कॅमेऱ्यामागे उभं राहायचं. १९५५ साली तो सिनेमा लागला आणि जेमतेम काही दिवस चालला. त्यानंतर त्यांनी दुसरा सिनेमा केला नाही.

त्या सिनेमाचं नाव होतं ‘मिमांगिन’, म्हणजे विधवा. चिनी अक्षरांवरून या शब्दाचा मूळ अर्थ लावला तर तो होतो ‘अजून न मेलेली व्यक्ती’. नवरा गेला आणि ही अजून मेली नाही! एका शब्दात केवढं समाजशास्त्र भरलं आहे बघा. आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचं काहीच कारण नाही.

आता होंग उन-वॉन. जन्म १९२२ चा, म्हणजे दुसरी ही पहिलीपेक्षा वयानं वर्षभर मोठी. दोघी मैत्रिणी होत्या. त्यांची तिसरी मैत्रीण किम यंग-ही, फिल्म संकलक. पुरुषांनी भरलेल्या त्या धंद्यातल्या या तिघी. होंग चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात चित्रपटात आल्या, चोई इन-ग्यू या नामवंत दिग्दर्शकाच्या हाताखाली. काम होतं स्क्रिप्टची वही सांभाळायचं. हे काम काय असतं, तर मागच्या शॉटमध्ये नटाच्या कोणत्या हातात पेला होता, कॉलरचं बटण उघडं होतं की बंद, कोणता टेक चांगला झाला, किती सेकंदांचा झाला, याची बिनचूक नोंद ठेवायची. दिग्दर्शक विसरतो ते या बाईनं लक्षात ठेवायचं. म्हणजे सबंध सिनेमाची स्मृती तिच्या वहीत असते, पण पोस्टरवर तिचं नाव नसतं.

हे काम आणि मग सहायक दिग्दर्शकाचं काम करण्यात बाईंची सुमारे १५ वर्षं गेली. मधल्या काळात त्या पटकथाही लिहू लागल्या. १९५९ साली त्यांच्या पटकथेवर सिनेमा आला. त्यांच्याबरोबर उमेदवारी करणारे पुरुष एकेक करून दिग्दर्शक होत होते. बाईंना खुर्ची मिळाली १९६२ साली, चाळिशीला पोचल्यावर. त्या सिनेमाचं नाव ‘योपान्सा’.

या नावापाशी जरा थांबू या. ‘पान्सा’ म्हणजे न्यायाधीश आणि ‘यो’ म्हणजे स्त्री. म्हणजे ‘स्त्री-न्यायाधीश’. पुरुष असेल तर नुसतं ‘पान्सा’ पुरतं. बाईंना स्वतःलाही वर्तमानपत्रं नुसतं दिग्दर्शक म्हणत नसत, तिथेही ‘स्त्री’ जोडलेलंच. आपणही ‘स्त्री-लेखक’ असं सहज म्हणतो, ‘पुरुष-लेखक’ कुणी म्हणतं का? ज्याला विशेषण लावावं लागत नाही, त्याची सत्ता असते. एवढा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सिनेमाला एका खऱ्या घटनेची पार्श्वभूमी होती. ली तै-यंग या कोरियाच्या न्यायिक परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या पहिल्या महिला. पण त्यांना न्यायाधीशपद मिळालं नाही. त्यांचे पती विरोधी पक्षात होते, आणि राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही नेमणूक करायला तयार नव्हते. ली वकील झाल्या आणि पुढे त्यांनी हजारो बायकांना कायद्याची मदत केली. त्यांना १९७५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पहिली महिला न्यायाधीश होण्याचा मान गेला ह्वांग युन-सोक यांच्याकडे. आणि १९६१ च्या एप्रिलमध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेल्या या ह्वांग बाई राहत्या घरी मृत्युमुखी पडल्या. मृत्यू संशयास्पद होता, संशय नवऱ्यावर आला, प्रकरण कोर्टात गेलं. वर्तमानपत्रांना तर खाद्यच मिळालं. चर्चा कशाची? तर शिकलेली, पदावरची बाई संसार करू शकते का, याची! मेली ती बाई, आणि उलटतपासणीही तिचीच.

पुढच्याच वर्षी होंग बाईंनी या विषयावर सिनेमा केला. कुणालाही वाटलं असतं की विषप्रयोग, खून, खटला असा सनसनाटी मालमसाला असेल. बाईंनी वेगळंच केलं. त्यांच्या सिनेमातली न्यायाधीश मरत नाही. मून जोंग-सुक या अभिनेत्रीनं ती भूमिका केली आहे. गरीब घरातली जिन-सुक परीक्षा पास होते, न्यायाधीश होते. एक बांधकाम व्यावसायिक तिची योग्यता पाहून तिला सून करून घेतो. सासऱ्याला कौतुक, पण सासूला ती खुपते, आणि बायकोच्या मोठेपणापुढे नवरा खुजा होत जातो. पुढे घरात विषबाधेनं मृत्यू होतो आणि संशय सासूवर येतो. तेव्हा जिन-सुक न्यायाधीशपद सोडते आणि वकिलाचा कोट घालून, आपला दुस्वास करणाऱ्या त्याच सासूच्या बचावासाठी कोर्टात उभी राहते.

खरं सांगतो, हे कथानक पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नाराज झालो. म्हटलं, झालं! एवढी शिकली-सवरली आणि अखेर आदर्श सूनच झाली की. ही तडजोड आहे. पुष्कळ अभ्यासकांनाही तो शेवट परंपरेपुढे झुकल्यासारखा वाटतो, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. १९६१ च्या मे महिन्यात पार्क चुंग-हीचं लष्करी बंड झालं होतं, सेन्सॉर कडक होता, घर मोडणारी नायिका पडद्यावर आणणं सोपं नव्हतं.

पण विचार करता करता माझं मत थोडं बदललं. आपल्याच घरचा खटला न्यायाधीश स्वतः चालवू शकत नाही, हे न्यायाचं मूलतत्त्वच आहे. जिन-सुकपुढे दोन वाटा होत्या : खुर्चीवर तटस्थ राहायचं, किंवा खाली उतरून बाजू घ्यायची. ती बाजू घेते, पण रडून किंवा सोसून नव्हे, तर कायद्याच्या आधारानं, पुरावा तपासून. ज्या विद्येमुळे ती सासरी नकोशी झाली, त्याच विद्येनं ती ते घर वाचवते. आणि जिच्या बाजूनं उभं राहायला कुणी नाही अशी दुसरी बाई, ती कितीही वाईट वागलेली असो, तिला वकील मिळतो. प्रत्यक्षात गेलेल्या ह्वांग बाईंच्या बाजूनं असं कोण उभं राहिलं होतं? तडजोड आहेच, मी नाकारत नाही. पण त्या तडजोडीच्या आत एक युक्तिवाद आहे, तो ऐकायला हवा.

यानंतर १९६४ साली बाईंनी ‘होलओमोनी’ केला, म्हणजे विधवा आई, आणि १९६६ साली तिसरा सिनेमा. तिथे दिग्दर्शन संपलं. १९६२ च्या चित्रपट कायद्यानं छोटे निर्माते मोडीत निघाले आणि धंदा मोजक्या बड्या कंपन्यांच्या हाती गेला. त्या दशकाच्या अखेरीला कोरियात वर्षाला दोनशेहून जास्त सिनेमे निघत होते. त्यात या बाईंना चौथा मिळाला नाही. पुढची ३३ वर्षं त्या जगल्या, १९९९ साली वारल्या.

आणि सिनेमे? कोरियातले त्या काळचे असंख्य सिनेमे नष्ट झाले. जुन्या फिती गवती टोप्यांच्या कडेला पट्टी म्हणून लावत, असं तिथली जुनी माणसं सांगतात. बाईंच्या हयातीत ‘योपान्सा’ हरवलेलाच मानला जात होता. २०१५ साली त्याची १६ मिलिमीटरची प्रत मिळाली, तीही अपुरी, मधले काही भाग नसलेली. पार्क नाम-ओक यांच्या सिनेमाचाही शेवटचा भाग गेलेला आहे. पण पार्क बाईंचं काही अंशी तरी भाग्य : १९९७ च्या पहिल्या सेऊल महिला चित्रपट महोत्सवात त्यांचा सिनेमा पुन्हा दाखवला गेला आणि ‘पहिली’ म्हणून त्यांना मान मिळाला. २०१७ पर्यंत त्या होत्या. दुसरीला हे सुख मिळालं नाही.

मग तिला शोधलं कुणी? शिन सू-वॉन नावाच्या बाईंनी. या आधी शाळेत शिक्षिका होत्या. नोकरी सोडून पटकथा शिकल्या, स्वतः लिहू लागल्या, स्वतः दिग्दर्शन करू लागल्या. टीव्हीसाठी एक माहितीपट करताना त्यांना या जुन्या दिग्दर्शिकांचा माग लागला, संकलक किम यंग-ही भेटल्या. त्यातून पुढे ‘ओमाज’ हा सिनेमा झाला, २०२२ साली कोरियात प्रदर्शित झाला. ‘पॅरासाइट’मधली ती मोलकरीण आठवते? त्याच ली जोंग-उन यात नायिका आहेत. सिनेमे पडलेली एक मध्यमवयीन दिग्दर्शिका ‘योपान्सा’च्या हरवलेल्या फिती शोधत हिंडते, आणि त्या सापडतात टोप्यांच्या कडांमध्ये.

सांगायचा मुद्दा असा. आपण म्हणतो, काम चांगलं असेल तर ते आपोआप टिकतं. हे खरं नाही. काम टिकतं ते कुणीतरी टिकवलं तर. ज्याला विशेषण लागत नाही त्याच्यासाठी ग्रंथालय, अभिलेखागार, शिष्यपरंपरा आधीच तयार असते. इतरांसाठी कुणीतरी वही धरून बसावं लागतं. होंग बाईंनी १५ वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांची नोंदवही धरली. त्यांची स्वतःची वही धरणारी बाई यायला अर्धशतक लागलं.

तेव्हा घरी जाताना एक करा. तुमच्या शाळेतली, बँकेतली, पंचायतीतली पहिली बाई कोण, हे तुम्हाला बहुधा माहीत असेल. दुसरी कोण होती, ते विचारा. जी म्हातारी माणसं सांगू शकतील, ती आहेत तोवर विचारा.