ठिपक्यांच्या माणसाची चाल

मनुष्य चालतो ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, तो कसा चालतो हे सांगण्याची वेळ येईपर्यंत आपले अज्ञान आपल्या ध्यानात येत नाही. संगणकाच्या पडद्यावर चौकोनी ठिपक्यांची आकृती चालविणाऱ्या चित्रकारांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

या वादातील पहिला भक्कम पुरावा संगणकाच्या फार पूर्वीचा आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने ओळीने बारा कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. चारही खूर एका क्षणी जमीन सोडतात, परंतु तो क्षण पाय ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली जमलेले असताना येतो, हे त्यांवरून सिद्ध झाले. नामांकित चित्रकारांची साक्ष खोटी ठरली! १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ७८१ चित्रफलकांत चालणारी माणसेही आहेत.

पुढे १९८१ साली जपानात शिगेरू मियामोतो यांनी ‘डाँकी काँग’ हा खेळ रचला, तेव्हा त्यांच्या हाती ठिपके फारच थोडे होते. उडते केस दाखविता येईनात, म्हणून नायकाला टोपी आली. तोंडास जागा नव्हती, म्हणून मिशी आली. हातांची हालचाल उठून दिसावी, म्हणून दुरंगी पोशाख आला. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये त्याची चाल अवघ्या तीन चित्रांची आहे, आणि रंगही तीनच.

जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने निराळा मार्ग धरला. १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाचे धावणे व उड्या मारणे चित्रफितीवर टिपले आणि त्यातील एकेक क्षण ठिपक्यांत उतरविला. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तील राजपुत्र थांबताना तोल सावरतो, तो यामुळेच.

या अनुभवातून काही नियम स्थिर झाले. दोन्ही पाय फाकलेले असताना देह किंचित खाली येतो, एक पाय दुसऱ्याजवळून जाताना वर उचलला जातो. हा एका ठिपक्याचा चढउतार विसरला, तर आकृती चालत नाही, घसरते. पलीकडचा पाय गडद हवा, नाहीतर दोन्ही पाय एकच भासतात. छायेचेही तसेच. नवशिका कडेने सर्वत्र काळोखी भरतो आणि माणसाची उशी करून टाकतो. प्रकाश कोठून येतो हे आधी ठरले पाहिजे. जुनी यंत्रे उजवीकडचेच चित्र उलटवून डावीकडे दाखवीत. त्याबरोबर प्रकाशाची दिशाही उलटे, आणि ही तडजोड कलावंत निमूटपणे पत्करीत.

आज रंगांना व चित्रांना तोटा नाही. तथापि चित्रांची संख्या वाढविल्याने चाल सुधारते, हा समज इतिहासाला मान्य होण्यासारखा नाही. अचूक क्षणांची तीन चित्रे माणूस चालवितात. क्षण चुकले तर तीस चित्रेही त्यास नुसते हलवितात. साधनांच्या दारिद्र्यावर उपाय निघतो, निरीक्षणाच्या दारिद्र्यावर मात्र कोणतेही यंत्र उपाय देत नाही.