‘ज्ञानोदय’: बातमीकडे ख्रिस्ती नजरेने पाहणारे मराठी पत्र

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगायची वेळ आली की आपण सगळे एकच पाढा म्हणतो. 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’, 1841 साली भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’, आणि मग एकदम उडी मारून 1881 सालचा ‘केसरी’. या पाढ्यात एक आकडा बहुतेक वेळा गळतो. 1842 साली अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ काढले. पुढे ते मुंबईला गेले, मासिकाचे पाक्षिक झाले, पाक्षिकाचे साप्ताहिक झाले, आणि विसाव्या शतकातही चालत राहिले. जगात काय चालले आहे ते सांगायचे आणि ख्रिस्ती माणसाने त्याकडे कसे पाहावे तेही सांगायचे, हा त्याचा धंदा.

आता कोणी म्हणेल, मिशनऱ्यांचे पत्र, त्यात आपल्याला काय? मला वाटते, आपल्याला पुष्कळ आहे. पण आधी हेही सांगतो की हे पत्र गोडबोले नव्हते. मूर्तिपूजा, पुराणे, सोवळेओवळे यांच्यावर त्याने सडकून टीका केली. त्या टीकेतला तोरा आजही टोचतो. आपला धर्म तेवढा प्रकाश आणि समोरच्याचा सगळा अंधार, अशी ती मांडणी होती. ती मला पटत नाही.

तरीही इतिहासाची गंमत बघा. हे मिशन 1813 साली मुंबईत आले आणि त्याने पुढे छापखाना घातला. त्या छपाईकडे पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचे यंत्र उभे केले आणि 1841 साली काय छापले? मराठी पंचांग! जावजी दादाजी याच मिशनच्या छापखान्यात पोरवयात काम शिकले आणि पुढे त्यांनी ‘निर्णयसागर’ काढला. त्या निर्णयसागराच्या संस्कृत पोथ्या देशभरच्या पंडितांच्या घरात गेल्या. आपल्या माणसांनी विद्या उचलली, उपदेश तिथेच ठेवला.

‘ज्ञानोदय’ निघाले तेव्हा हवा तापलेली होती. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपती त्याच्याबरोबर राहत होता. वडील कोर्टात गेले, मुलगा परत मिळाला, पण ख्रिस्ती लोकांत राहिल्यामुळे त्याला जातीत घ्यायचे की नाही यावर रण माजले. बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत घ्या म्हणून उभे राहिले तर सनातनी त्यांच्याच अंगावर आले. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, ख्रिस्ती वस्ती वसवली. हैदराबाद संस्थानाशी नाते सांगणाऱ्या आपल्या मराठी श्रोत्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

पण मला आज खरे थांबायचे आहे ते 1855 सालावर. त्या वर्षीच्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ‘ज्ञानोदया’ने दोन भागांत एक निबंध छापला. विषय होता मांग-महारांच्या दुःखाचा. लिहिणारी होती मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी. मातंग समाजातली. शाळेत जाऊन तिला तीनच वर्षे झाली होती. तीन वर्षांत आपल्याकडची मुले किती लिहायला शिकतात, याचा विचार करा आणि मग तिने काय लिहिले ते ऐका.

ती विचारते की वेद वाचायचा अधिकार फक्त ब्राह्मणांना असेल, तर आम्हाला ग्रंथच नाही. मग आमचा धर्म कोणता? पेशवाईतले सांगते. इमारतीच्या पायात आमच्या माणसांना शेंदूर पाजून पुरत, तालमीपुढून गेलो तर मस्तक उडवून त्याचा चेंडू करत. आमच्यापैकी कोणी लिहावाचायला शिकला तर त्याची काय गत होई, तेही सांगते. मग बायकांकडे येते. बाळंत होताना डोक्यावर छप्पर नाही, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, हे ती स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहायला सांगते. अशा बाळंतपणावर मराठीत त्याआधी कोणी इतके उघड लिहिल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. शेवटी आपल्या लोकांना म्हणते, शिका.

हा निबंध ‘ज्ञानोदया’ने का छापला? साधे उत्तर असे की त्यांच्या बाजूला तो सोयीचा होता. ब्राह्मणी धर्मावर आतून, पीडिताच्या तोंडून आलेला घाव, शिवाय इंग्रजी राज्याची स्तुतीही त्यात आहे. हे मला मान्य आहे. पण निबंध नीट वाचा. मुक्ता ख्रिस्ती व्हायचे म्हणत नाही. ती देवालाच विचारते की तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता, तो आम्हाला दाखव. मिशनच्या पत्रात, मिशनच्या पैशाने छापलेला हा प्रश्न आहे, आणि त्याला मिशनचे उत्तर तिने जोडलेले नाही. संपादकाचा हेतू एक होता, मुलीचे म्हणणे दुसरे होते, आणि छापून आले ते मुलीचे. हेतू शुद्ध असलेल्या कितीतरी पत्रांत तिला ओळभर जागा मिळाली नसती. 1991 साली भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा मोठा इंग्रजी संग्रह निघाला. तो सुझी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केला होता. त्यात हा निबंध आला आणि मराठी न येणाऱ्यांपर्यंतही मुक्ता पोचली.

फुल्यांच्या कामाशी या वर्तुळाचा संबंध योगायोगाचा नव्हता. अहमदनगरला सिंथिया फॅरार या अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवत, त्या पाहून जोतीरावांच्या मनाने उचल खाल्ली. ते स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे.

आता एक अशी घटना, जिथे ख्रिस्ती नजर सरकारच्या विरुद्ध वळली. 1897, पुण्यात प्लेग. ‘ज्ञानोदय’ नव्हे, ‘बॉम्बे गार्डियन’ हे मुंबईचे इंग्रजी ख्रिस्ती साप्ताहिक. त्यात पंडिता रमाबाईंनी पत्र लिहून सरकारी प्लेग-इस्पितळात तरुण स्त्रियांची आबाळ होते, त्या तिथे सुरक्षित नाहीत, अशी तक्रार केली. सरकारने आरोप नाकारले. प्लेगच्या बंदोबस्तातले अत्याचार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याच वर्षी इंग्लंडात मांडले आणि परत आल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्या रमाबाईंवर धर्मांतराच्या आरोपावरून चार वर्षांपूर्वी ‘केसरी’ तुटून पडला होता, त्याच बाई आता ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारला जाब विचारत होत्या. ‘ख्रिस्ती म्हणजे इंग्रजांचे’ असे आजही कोणी ठोकून देतो तेव्हा मला हे पत्र आठवते.

‘ज्ञानोदया’चा सूर खऱ्या अर्थाने बदलला तो नारायण वामन टिळकांमुळे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणस्थ कवी 1912 पासून 1919 साली मृत्यू येईपर्यंत मराठी विभागाचा संपादक होता. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या वाटेने आलो, असे ते मानत. उपासनेत अभंग, कीर्तन, टाळमृदंग आणत. देशाबद्दल उघड प्रेमाने लिहीत, आणि 1917 साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला. परक्या पैशावर राहून स्वदेशी ख्रिस्ती होता येत नाही, हे त्यांना कळून चुकले होते. घरात त्याचा खर्च कसा निभावला, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचा. तिथे नवऱ्याचे मोठेपण आहे आणि रिकामा डबाही आहे.

आता उडी मारून आपल्या काळात येतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. त्यांच्यासाठी ख्रिस्ती नजरेने बातमी पाहणे म्हणजे वसईच्या बागायती कोण गिळतो आहे ते विचारणे. ‘हरित वसई’ची चळवळ त्यातूनच उभी राहिली आणि तिच्यात सगळ्या धर्मांचे शेतकरी होते. जानेवारी 2020 मध्ये ते उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू कशाला, म्हणून विरोध झाला. मराठी बायबलसाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवलेल्या माणसाला आपण मराठी आहोत हे पुन्हा एकदा सांगावे लागले. संमेलन झाले, दिब्रिटो अध्यक्ष म्हणून बोलले.

टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’बद्दल मी इथे मुद्दाम बोललो नाही. ते काव्य अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. तो सगळा विषय पुढच्या भागात घेऊ.